आम्ही नागोयाला जाणार होतो

सांगतो, पण एका अटीवर. आमच्या घरी जेवायला याल तेव्हा मेधासमोर 'नागोया' हा शब्द काढायचा नाही. ती हसते. नुसती हसत नाही, हसता हसता खाली बसते आणि मग गॅसवरची भाजी करपते.

आता चुका काय, सगळ्यांच्याच होतात. कुणी चुकीच्या गाडीत बसतं, कुणी चहात साखरेऐवजी मीठ घालतं. अर्ध्या मिनिटात कळतं, विषय संपतो. माझी चूक तीन आठवडे चालली! तिच्यात माझं अख्खं कुटुंब, एक राहतं घर, एक नोकरी आणि ऑफिसातली बावीस माणसं ओढली गेली. आणि शेवटी मी भर हॉटेलात उभा राहून... थांबा, क्रमानेच सांगतो.

आम्ही तेव्हा टोकियोत कोतोला राहायचो. मी एका व्यापारी कंपनीत. मुंबईहून तीन वर्षांसाठी पाठवलं होतं, त्या तिनाची सहा झाली. मेधा, म्हणजे माझी बायको, इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. ईरा आमची मुलगी, वय वर्षं दहा. ती जपानी शाळेत जाते आणि घरी मराठी बोलावं लागू नये म्हणून शक्यतो बोलतच नाही.

एके दिवशी ओकादा-साननी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. ओकादा-सान आमचे विभागप्रमुख. बोलणं इतकं मऊ, की ते रागावले तरी आपले आभार मानताहेत असं वाटतं.

"केरुकारु-सान," ते म्हणाले. केळकर हे आडनाव जपानी तोंडातून असंच बाहेर पडतं, त्याला इलाज नाही. "नागोयाला आपलं नवं ऑफिस सुरू होतंय. मोटारींच्या सुट्या भागांचं काम. तुम्हाला त्यातला अनुभव आहे. तीन वर्षांसाठी जायला आवडेल का?"

आता सरळ माणूस काय म्हणेल? आवडेल, नाहीतर नाही आवडणार. फार तर 'बायकोला विचारून सांगतो' म्हणेल. पण मी सहा वर्षं जपानी शिकत होतो ना! तेही कुठे, तर माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या मोरी-सानचं फोनवरचं बोलणं ऐकून. सडपातळ, सभ्य माणूस. फोनवर कुणी काही विचारलं की मोरी-सान रिकाम्या हवेला वाकून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "केन्तो शिमासु." म्हणजे, सांगोपांग विचार करतो. काय वजनदार वाक्य आहे! मी ते पाठ करून ठेवलं होतं, आणि इतके दिवस ते वापरायची संधीच मिळत नव्हती.

मी उभा राहिलो. कंबर परवानगी देईल तितका वाकलो आणि म्हणालो, "केन्तो शिमासु."

ओकादा-साननी दातांतून हवा आत ओढली. "स्स्स." "सो देसु का," म्हणाले, म्हणजे 'असं का'. मग घाईघाईने, "नाही नाही, अजिबात मनावर घेऊ नका हं," असं म्हणत मला दारापर्यंत सोडायला आले.

मला वाटलं, माणूस हळवा झाला. आपला केरुकारु आता दूर जाणार, म्हणून.

घरी येऊन मी मेधाला सांगितलं, "नागोयाला विचारलंय. मी म्हटलं, विचार करतो."

"नाही," मेधा म्हणाली.

"अगं, विचार तर कर!"

"केला. नाही."

पण मी शब्द दिला होता! मग फ्रिजवर एक मोठा कागद चिकटवला, मधोमध रेघ मारली. एका बाजूला टोकियो, दुसऱ्या बाजूला नागोया. प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क. मेधा गणिताची बाई, तिला मार्क म्हटल्यावर राहवेना.

"माझी शाळा सायकलने सात मिनिटं," ती म्हणाली. "टोकियोला दहा."

"दिले."

"मेथी मिळते. गणपतीला एवढी मराठी माणसं जमतात. आणि एक ट्रेन चुकली तर तीन मिनिटांत दुसरी."

"दुसरी तीन मिनिटांत येते, तरी तू पहिली गाठायला जिना उतरून धावतेस! सगळं शहर धावतं! ह्याचे मार्क मी कापणार."

"काप. पण नागोयात गाडी घ्यावी लागेल, आणि ती तू चालवणार. त्याचे मी किती कापू?"

मोठ्या शहराविरुद्ध माझा मुख्य मुद्दा घराचा होता. आमचं कोतोचं घर म्हणजे मी सूर्यनमस्कार घालायला लागलो की मेधाला बाल्कनीत जावं लागायचं आणि ईराला कपाटात. बरं, एवढी माणसं आजूबाजूला, पण ओळख कुणाशी? शेजारच्या गृहस्थांना आम्ही त्यांच्या छत्रीवरून ओळखायचो. छत्री नसेल त्या दिवशी ते अनोळखी.

"ईरा, तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"बेत्सुनि," ईरा म्हणाली. म्हणजे, विशेष काही नाही. जपानमध्ये वाढणाऱ्या मुलांना एवढ्या एका शब्दावर अख्खा आठवडा काढता येतो. मी तिचं मत दोन्ही बाजूंना लिहून टाकलं.

असे दिवस चालले. सकाळी चहा उकळेपर्यंत मी नागोयाचे दोन मार्क हळूच वाढवायचो, संध्याकाळी मेधा ते खोडायची. ऑफिसात ओकादा-सान ह्या विषयावर चकार शब्द काढत नव्हते. मला कौतुक वाटायचं. मुंबईच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी 'काय ठरलं?' म्हणून तीनदा फोन केला असता. हा माणूस बघा, कसा शांतपणे वाट बघतोय!

मोरी-सानना मात्र अचानक नागोयात रस निर्माण झाला. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसायला लागले.

"केरुकारु-सान, तिथे घर कुठल्या भागात बघावं?"

"सबवेजवळ. पण मोठ्या रस्त्यापासून जरा आत."

"आणि... बायकोला कसं तयार करावं?"

"मार्क द्यायला लावायचे," मी म्हणालो.

ते वहीत लिहून घ्यायचे! मला वाईट वाटायचं. बिचारा सहा वर्षं माझ्यासमोर बसला, आता मी कुठे आणि कसा राहणार ह्याची काळजी करतोय. शेवटी मी फ्रिजवरच्या कागदाचं फोनमधून जपानी भाषांतर काढून त्याची एक प्रत त्यांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

मग एका रविवारी आम्ही तिघं नागोया बघायला गेलो. पहिल्या पाच मिनिटांत मेधा रस्त्याच्या मधोमध अडकली. तिथले रस्ते इतके रुंद, की हिरवा दिवा लागल्यावर निघालेला माणूस अर्ध्यावर पोचेपर्यंत दिवा लाल! ती मधल्या कट्ट्यावर उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत नागोयाला शून्य मार्क होते.

नाश्त्याला तिथे टोस्टवर लोणी आणि वर गोड लाल बीन्स देतात. म्हटलं, झालं, आता इथूनच परत. मेधाने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. "अरे, हे पुरण आहे!" म्हणाली आणि माझाही टोस्ट ओढून घेतला.

पण खरा निकाल लागला तो घर बघताना. एजंटने दाखवलेल्या घराच्या स्वयंपाकघराला खिडकी होती. खरी, उघडणारी खिडकी, बाहेर कुणाचं तरी झाड. मेधाने ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कोतोला आमच्याकडे मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा. सहा वर्षं तिने फोडणी केली ती एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात पुठ्ठा घेऊन, वारा घालत.

"इथे वास बाहेर जाईल," ती खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दहा मार्क. जाऊ या."

सोमवारी सकाळी मी ओकादा-सानना होकार द्यायला निघालो. खुर्चीतून उठतो न उठतो तोच सातो-सानचा ईमेल आला. सातो-सान म्हणजे आमच्याकडचे सगळे कार्यक्रम ठरवणारी तरुण मुलगी. ईमेल सगळ्यांना आणि सगळा जपानीत. ऐकून बोलण्यापुरतं ठीक आहे, पण वाचणं म्हणजे माझी बोंब. मी फोनमधून भाषांतर काढलं. आलं ते असं: 'जंगल निरोप समारंभ. नागोया बदलीनिमित्त. शुक्रवार, संध्याकाळी सहा.'

जंगल हे हॉटेलचं नाव असणार. टोकियोत ह्याहून विचित्र नावांची हॉटेलं आहेत. पण निरोप समारंभ! अहो, मी अजून हो म्हणालोही नव्हतो! माझे डोळे भरून आले. जपानी लोक म्हणे हवा वाचतात. समोरचा बोलायच्या आत त्याच्या मनातलं ओळखतात. माझी हवा त्यांनी अख्खी वाचली होती. आता आत जाऊन 'हो' म्हणणं म्हणजे त्यांच्या नाजूकपणाचा अपमानच. मी परत खुर्चीत बसलो.

दुपारी सातो-सान एक चौकोनी पांढरा पुठ्ठा घेऊन आली. त्यावर कडेकडेने सगळ्यांनी बारीक अक्षरात शुभेच्छा लिहिल्या होत्या. मध्ये मोठा गोल रिकामा.

"केरुकारु-सान, तुम्हीही लिहा ना दोन शब्द."

"मीही?"

"अर्थातच!"

जाणाऱ्याने मध्ये लिहायचं असणार, नाहीतर मध्ये जागा कशाला सोडतील? मी जाड पेन घेतलं आणि फोनमध्ये बघून बघून, तो सबंध गोल भरून जपानीत लिहिलं, 'तुम्हा सर्वांना मी कधीही विसरणार नाही.' खाली मराठीत झोकदार सही ठोकली.

सातो-सान बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षर सुंदर आहे."

आता अधिकृतच झालं, म्हणून त्याच दिवशी मेधाने शाळेत राजीनामा दिला. मी घर सोडण्याचा अर्ज भरून एजंटकडे पाठवला, एका महिन्याची नोटीस. ईराला सांगितलं, तर तिने चक्क पूर्ण मराठी वाक्य उच्चारलं. "मी माझी सायकल इथे सोडणार नाही."

शुक्रवार उजाडला. मी सूट घातला. हॉटेलच्या पाटीवर जंगल वगैरे काही नव्हतं, मासा होता. म्हटलं, बदललं असेल. जपानमध्ये उत्सवमूर्तीची जागा दारापासून सगळ्यात लांब, आत, मधोमध. मी आपला आधीच तिथे जाऊन बसलो. मोरी-सान आले, माझ्याकडे बघून क्षणभर थांबले आणि बाजूला बसले. त्यांचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मोरी-सान, वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेत," ते म्हणाले.

ओकादा-सान उठले. नागोयाचं ऑफिस किती महत्त्वाचं, जाणारा सहकारी किती कष्टाळू, असं बरंच छान बोलले. मी मान खाली घालून ऐकत होतो. "तर आता," ते म्हणाले, "त्यांच्याकडूनच दोन शब्द ऐकू या."

मी उठलो. माझ्या बाजूला मोरी-सानही उठले. मला वाटलं, आदर म्हणून! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने त्यांना खाली बसवलं.

आणि बोललो. सात मिनिटं बोललो, जपानीत! टोकियो माणसाला सगळं देतं, फक्त हात पसरायला जागा देत नाही, असं म्हणालो. नागोयात जाऊन मी ह्या विभागाचं नाव राखीन, असं म्हणालो. ओकादा-सानसारखा मनातलं ओळखणारा साहेब जगात नाही, असं म्हणालो. आणि शेवटी, सांगताना आजही माझे कान गरम होतात, मी म्हणालो, "मोरी-सान आता इथे एकटे पडतील. त्यांना तुम्ही सगळ्यांनी सांभाळा."

मोरी-सान स्वतःच्या ग्लासात बघत होते. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि एकाने वाजवली म्हणून बावीस जणांनी वाजवली. सातो-सान फुलांचा गुच्छ घेऊन आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन थबकली. गुच्छ एकदा इकडे, एकदा तिकडे. मी दोन्ही हात पुढे केले. ती काय करणार? दिला मला!

ओकादा-सान माझ्या कानाशी वाकले. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"केरुकारु-सान, फार सुंदर बोललात. पण... तुम्हालाही जायचं होतं का नागोयाला?"

"तुम्हालाही? म्हणजे?"

"मोरी-सान जाताहेत."

माझ्या हातात गुच्छ. समोर बावीस चेहरे. "पण तुम्ही मला विचारलं होतंत!"

"विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"मी? मी केन्तो शिमासु म्हणालो!"

"हो ना," ओकादा-सान म्हणाले. "इतकं स्पष्ट नाही म्हणालात, की पुन्हा विचारणं मला बरं वाटेना."

मोरी-सान हळूच म्हणाले, "मी फोनवर ते विमा विकणाऱ्यांना म्हणतो."

मी गुच्छ त्यांच्या हातात दिला आणि वाकलो. ते माझ्याहून खाली वाकले. म्हणून मी अजून वाकलो. असं थोडा वेळ चाललं. शेवटी त्यांनी गुच्छातलं एक फूल काढून मला दिलं. ते घेऊन मी साडेसातच्या आत घरी.

घरी दोघी खोकी भरत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मेधाने चिकटपट्टी खाली ठेवली.

"नक्की कुठले शब्द वापरलेस?"

मी सांगितले.

"अरे, हे आमच्या जपानीच्या वर्गात तिसऱ्याच धड्यात होतं! गोड बोलून नकार द्यायचा धडा!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू घरी येऊन मराठीत सांगितलंस, 'विचार करतो म्हटलं'! मला काय माहीत, तू तिथे काय दिवे लावलेस ते?"

ईराने माझा फोन मागून घेतला, तो ईमेल उघडला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मीच दहा वर्षांचा झालो. "बाबा, हे जंगल नाही. हे मोरी-सान. मोरी म्हणजेच जंगल, झाडाचं अक्षर तीनदा काढलं की मोरी." आणि वर, "हे पहिलीत शिकवतात."

त्यानंतर मेधा खोक्यांमध्ये खाली बसली, ती अर्धा तास उठलीच नाही. ती रडतेय समजून मी पाणी घेऊन गेलो. हसत होती.

पुढचं निस्तरायला तीन आठवडे लागले. मेधाच्या मुख्याध्यापिका शहाण्या. त्यांनी राजीनामा कुणालाच न दाखवता ड्रॉवरमध्ये ठेवला होता. 'तुमचे मिस्टर ठरवताहेत म्हणालात, म्हणून जरा थांबले,' असं त्या म्हणाल्या. घर मात्र गेलं. आमच्यानंतर येणाऱ्या भाडेकरूने सह्यासुद्धा केल्या होत्या. धावपळ करून आम्हाला नदीपलीकडे फुनाबोरीला घर मिळालं. म्हणजे मोठं शहर सोडावं की सोडू नये, ह्याचा एवढा अभ्यास करून आम्ही गेलो कुठे, तर त्याच सबवेवर, थोडंसं पुढे. तिथे स्वयंपाकघराला खिडकी आहे. उघडली की हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, पण वास जातो. मेधाला आता पुलावरून वाऱ्याशी भांडत सायकल मारावी लागते. ईराची शाळा बदललीच. दोन दिवस ती माझ्याशी जपानीतसुद्धा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नव्या मैत्रिणीला घेऊन आली आणि मला म्हणाली, "बाबा, तो भाषणाचा किस्सा हिला सांगा."

मोरी-सान नागोयात मजेत आहेत. माझ्या कागदातलं सगळं खरं निघालं, बायकोही खूश आहे, असं त्यांनी कळवलं. माझी सही असलेला तो पुठ्ठा त्यांनी म्हणे दिवाणखान्यात लावलाय. मी न विसरण्याचं वचन दिलेलं आहे, त्याचा मान ठेवायला हवा ना.

आणि मी? मी मनाशी पक्कं केलं की आता साहेबांनी काहीही विचारलं तरी विचार करायचा नाही. दोन महिने तशी संधी आली नाही. मग एका दुपारी ओकादा-सान थेट माझ्या टेबलापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "केरुकारु-सान, ओसाकाहून..."

ओसाका! मी ताडकन उभा राहिलो. खुर्ची मागे जाऊन कपाटावर आपटली.

"जातो!" मी ओरडलो. "आनंदाने जातो! बायको-मुलीला घेऊन जातो! सोमवारपासून जातो!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. सातो-सानने हातातला फोन खाली ठेवला. ओकादा-साननी दातांतून हवा आत ओढली, आणि पाठीमागे धरलेला हात पुढे केला. हातात खोकं होतं.

"ओसाकाहून आलेल्या पाहुण्यांनी मिठाई आणलीये," ते म्हणाले. "तुम्ही घेतलीत का, एवढंच विचारत होतो."

मी दोन घेतल्या.